पेलिकन आणि डाळिंब

चेहरे उस्तादांचे.
हात, पावलं, डोळ्यांतलं पाणी, तेही त्यांचंच.
आम्हां बायकांकडे पानं, वेली, गव्हाची कणसं,
आणि माझ्याकडे, लुक्कातल्या तादेयाकडे,
बावीस वर्षं डाळिंबं.

नक्षीचा कागद चिओने आणतो,
सुईनं टोचटोच टोचलेला.
वरून कोळशाच्या पुडीची पुरचुंडी आपटली
की कापडावर ठिपके उतरतात, मुंग्यांची रांग.
चिओनेची डाळिंबं सगळी एका मापाची,
मधोमध उकललेली, डावं उजवं सारखं,
जणू आरशात बघून फुटली.
एकदा मी बाजारातून खरं आणून त्याच्यापुढं ठेवलं:
एका अंगाला बसकं, सालीवर डाग,
दाणे दाटीवाटीनं, कुणाचा गुडघा कुणाच्या पोटात.
त्यानं ते खाल्लं.
कागद तोच राहिला.

सोनं आधी अंथरायचं असतं.
आडव्या तारा, एकीला एक लागून,
मग लाल रेशमानं तार न् तार बांधत जायची.
उजेड हवा तिथं टाके विरळ,
सावली हवी तिथं दाट.
म्हणजे फळ पिकलेलं दाखवायचं
तर सोनं झाकायचं.
हे मला म्हाताऱ्या फिओर्दालिसानं शिकवलं.
तिला तेव्हा दिसत नव्हतं. बोटानं चाचपून सांगायची,
‘इथं अजून कच्चं आहे.’

यंदा बिशपांचा झगा.
पाठीवर क्रूस, क्रूसाच्या माथ्यावर पेलिकन,
चोचीनं स्वतःची छाती फोडून
पिलांना रक्त पाजणारा.
कारखान्यात पेलिकन कुणीच पाहिलेला नाही.
चिओनेनं आत्याचं बदक काढलं
आणि मान जरा वाकवली.
त्याच आठवड्यात सुयांचं पुडकं घेऊन
कोमाक्योच्या खाडीतला एक नावाडी आला.
चौकटीपाशी उभा राहिला नि हसत सुटला.
‘हा पेलिकन? अहो, त्याच्या चोचीखाली पिशवी असते पिशवी!
मासे भरून आणतो. पिलं घशात डोकं घालून खातात.
रक्तबिक्त काही नाही.’

सगळ्यांच्या सुया थांबल्या.
उस्ताद लांफ्रेदो मान वर न करता म्हणाले,
‘तू पाहिलास तो पक्षी.
हा पेलिकन.’

ईस्टरला आम्ही मागच्या खांबापाशी उभ्या.
मिस्सा चालते तेव्हा पुरोहिताची पाठ आमच्याकडे असते,
म्हणून तर सगळी शोभा पाठीला.
धूप, मेणबत्त्या, खोकला.
मी मात्र डाव्या खांद्याखालचं डाळिंब धरून बसले होते,
ज्याला जानेवारीची बोटं गोठवणारी थंडी लागली,
ज्यात सत्तेचाळीस दाणे आहेत, कागदावर चाळीसच होते.

मला ठाऊक आहे पुढं काय होतं.
नवव्या वर्षी इथं आले तेव्हा माझं पहिलं काम तेच:
विटलेले झगे भट्टीत घालायचे, सोन्यासाठी.
रेशीम जळताना केसांसारखा वास येतो.
मग राख चाळायची. चाळणीत उरतात ते मणी
तराजूत जातात, कुणी त्यांना विचारत नाही
तुम्ही पंख होतात की पान.
राखेत लाल कधी सापडत नाही.
सावली सगळ्यांत आधी जाते.

तेवढ्यात घंटा वाजली.
बिशपांनी दोन्ही हात वर उचलले,
जड कापड खांद्यावर चढलं, दुमडलं,
आणि त्या चुणीत माझं डाळिंब
एका अंगाला बसलं.
अर्धे दाणे आत, अर्धे बाहेर.
डाग तेवढा नव्हता. 
तो मेणबत्तीनं दिला.

मग हात खाली आले,
आणि फळ पुन्हा चिओनेचं झालं.

बाहेर पायऱ्यांवर तो वाट बघत होता.
‘पेलिकन कसा दिसला गं, लांबून?’
मी म्हटलं,
तिकडं माझं लक्षच नव्हतं.